जागेपणाचा दाखला

मी जागा आहे, असा सरकारी दवाखान्याचा दाखला माझ्याकडे आहे. त्यावर सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. एकोणतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयाच्या अभिलेख विभागात काढल्यामुळे जावक क्रमांक नसलेल्या कागदाला मी कागद मानत नाही, म्हणून तो मी मुद्दाम मागून घेतला. हसायचं असेल तर हसा. पण तुम्ही आत्ता जागे आहात हे कोणी लेखी मागितलं, तर तुमच्याकडे काय आहे, याचा एकदा शांतपणे विचार करा.

सुरुवात फाटकाच्या खांबापासून झाली. आमच्या इमारतीच्या फाटकाला दोन खांब होते, त्यातला डावा आता नाही. तो आधीपासूनच कलला होता, असं वॉचमनने लिहून द्यावं म्हणून मी दोन दिवस त्याच्या मागे होतो, पण त्याने दाद दिली नाही. गाडीचा दिवा फुटला, खांब आडवा झाला आणि मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या नातीची पाण्याची बाटली सांडली. बस्, इतकंच. नात साडेसात वर्षांची आहे. एका जागी कधी ठरत नाही म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. मुंगीला हा प्रकार फारच आवडला. "आजोबा, परत करा ना," असं ती म्हणाली. दुर्दैवाने संध्याकाळी तिने तेच आईलाही सांगितलं.

मुलगी शेजारच्याच इमारतीत राहते. ती आणि जावई दोघंही नोकरीला, त्यामुळे अडीच वाजता मुंगीला शाळेतून आणायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. निवृत्तीनंतर माझ्या ताब्यात उरलेलं तेवढं एकच खातं. मुलगी मला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने शाळेची व्हॅन लावली, एवढंच. ती व्हॅन गावभर सव्वा तास फिरते आणि मुंगीला तिच्यात हमखास उलटी होते. पोरगी रोज पांढरीफटक पडून घरी यायची आणि मी गॅलरीतून ते बघायचो. पहिला आठवडाभर तर दोन वाजले की मी किल्ली घेऊन जिना उतरायचो आणि खाली गेल्यावर आठवायचं. मला फार वाईट वाटायचं. कोणी विचारलं तर मी सांगायचो की गुडघ्याला व्यायाम म्हणून जिना उतरतो.

तोडगा जावयाने काढला. त्याने त्याची नवी गाडी आम्हाला वापरायला दिली आणि आमची स्वतः घेतली. नवी गाडी स्वतःच स्वतःला चालवते. म्हणजे पूर्ण नाही. पट्ट्यांमधून नीट जाते, पुढे कोणी आलं की थांबते, वळण कळतं, सिग्नल कळतो. पण कधी काय अडेल सांगता येत नाही, म्हणून माणसाने स्टिअरिंगपाशी जागं बसून राहायचं. थोडक्यात गाडी चालवायची तिने, तिच्यावर लक्ष ठेवायचं मी, आणि मी लक्ष ठेवतोय की नाही यावर पुन्हा लक्ष ठेवायचं तिने. त्यासाठी स्टिअरिंगच्या मागे एक बारीक कॅमेरा बसवलेला आहे. प्रवास संपला की ती चालकाला शंभरपैकी गुण देते.

"बाबा, महिनाभर एकटे चालवा," मुलगी म्हणाली. "सरासरी ऐंशी आली की मुंगीला आणायला लागा. गुण माझ्या फोनवर येतील."

"म्हणजे माझं प्रगतिपुस्तक तुझ्याकडे येणार."

"असं नका ना म्हणू बाबा. मला ऑफिसात बसून धाकधूक होते."

मी हो म्हटलं. हिच्या प्रगतिपुस्तकावर मी बारा वर्षं सह्या केल्या, त्यातल्या दोन तर गणितात नापास असताना केल्या, हे तोंडावर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून गिळलं.

आता माझ्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या घराण्यात पुरुषांच्या पापण्या जन्मतःच खाली येतात. ओळखपत्रावरच्या फोटोत मी झोपलेलो दिसतो, नोकरीच्या निरोप समारंभाच्या फोटोत दिसतो, लग्नाच्या फोटोत तर फोटोग्राफरने तीनदा "नवरदेव, उठा" म्हटलं होतं. कार्यालयात माझ्यापुढे पाच साहेब आले आणि पाचही जणांनी पहिल्या आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावून समज दिली. पण माणसांना काही दिवसांत कळतं. गाडीला कळेना.

पहिल्या दिवशी आमची ही शेजारी बसली. मी बटण दाबलं, गाडी निघाली, आणि कोपऱ्यापर्यंत पोचलो नाही तोच गाडीच्या स्पीकरमधली एक गोड बाई म्हणाली, "कृपया रस्त्याकडे लक्ष द्या." मी लक्षच देत होतो. मी आणखी लक्ष दिलं. मग टिंग-टिंग सुरू झालं. मग सीट खालून थरथरायला लागली, आणि शेवटी "चालक प्रतिसाद देत नाही" असं जाहीर करून गाडी रस्त्याच्या कडेला गेली, चारही दिवे उघडझाप करत थांबली. मागून येणारे लोक वाकून वाकून माझ्याकडे बघायला लागले.

"अहो, तुम्ही जागे आहात ना?" ही म्हणाली.

"तूसुद्धा?"

"नाही हो, तिने विचारलं म्हणून मलाही शंका आली."

तेवीस गुण. चार मिनिटांत मुलीचा फोन आला. ती फक्त "बाबा, बरं वाटत नाहीये का?" एवढंच म्हणाली, तेही अगदी प्रेमळ आवाजात. तिने चिडायला हवं होतं. आईबापांवर मुलं चिडायची थांबली की समजावं, आपली गणना आता वेगळ्या रकान्यात झाली.

ही बातमी इमारतीत पसरायला संध्याकाळ पुरली. आमच्याकडे सल्लागार दोन. समोरच्या दारातले निवृत्त रेल्वे इंजिनचालक, त्यांना सगळे इंजिनवाले म्हणतात; आणि तळमजल्यावरचे दंतवैद्य, ज्यांच्याकडे पेशंट कमी असल्यामुळे मतं भरपूर असतात.

इंजिनवाले म्हणाले, "आमच्या केबिनमध्येही असंच एक बटण असायचं. मिनिटा-मिनिटाला दाबायचं, नाहीतर गाडी आपोआप थांबते. चालक जागा आहे की नाही ते त्यावरून कळायचं."

"मग कळायचं का?"

"छे हो. माझा एक सहकारी चक्क घोरत बटण दाबायचा. हाताला सवय लागते." त्यांनी हे अभिमानाने सांगितलं. आपण आजवर किती प्रवास केला आणि कोणाच्या भरवशावर केला, या विचाराने मी नंतर बराच वेळ अस्वस्थ होतो.

दंतवैद्यांचा उपाय जास्त सरळ होता. त्यांनी दवाखान्यातली पातळ चिकटपट्टी आणली आणि माझ्या दोन्ही पापण्या वर ओढून कपाळाला चिकटवल्या. आरशात मी भूत बघितल्यासारखा दिसत होतो. पण डोळे उघडे होते, त्याबद्दल वादच नव्हता. मी निघालो. दोन चौक गाडी एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या चौकात डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, समोरचं सगळं पुसट झालं आणि ती बाई म्हणाली, "चालकाची प्रकृती ठीक दिसत नाही. मदत हवी आहे का?" पडद्यावर दोन चौकोन आले. मला धड दिसत नव्हतं. मी एक दाबला. तो चुकीचा होता.

रुग्णवाहिका सहा मिनिटांत आली, हे नमूद करायला हवं, कारण मी एरवी सरकारी कामांवर टीका करतो. दोघं जण स्ट्रेचर घेऊन उतरले. त्यांतल्या मोठ्याने माझ्या कपाळाच्या पट्ट्या बघितल्या, खिडकीशी वाकला आणि हळूच विचारलं, "काका, घाबरू नका. हे तुम्हाला कोणी केलं?"

"आमच्या दंतवैद्यांनी," मी म्हणालो.

त्याने सोबत्याकडे बघितलं. सोबत्याने वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं ते त्यांनी मला शेवटपर्यंत दाखवलं नाही, आणि दोन दिवसांनी दंतवैद्यांकडे चौकशीला एक माणूस येऊन गेला. तेव्हापासून ते जिन्यात मला वाट देतात, बोलत नाहीत.

मग मी रीतसर मार्ग धरला. गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझी तक्रार ऐकली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, आपण थकला असाल तर आत सोफा आहे." मी थकलेलो नाही, हीच तक्रार आहे, हे त्यांना समजावण्यात वीस मिनिटं गेली. शेवटी असं निघालं की कॅमेऱ्याला वेगळ्या डोळ्यांची ओळख शिकवता येते. फक्त त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. चालकाच्या पापण्या मुळात अशा आहेत आणि तशा असताना तो जागा असतो, या दोन्ही गोष्टी त्यात हव्यात.

सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापण्या तपासल्या, मोजपट्टीने मोजल्या आणि पहिलं वाक्य लिहून दिलं. दुसऱ्याला त्यांनी हात जोडले. "जागेपणा माझ्या विभागात येत नाही," ते म्हणाले. "तिसरा मजला, झोपेचे विकार." तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, मी झोपेचा दाखला देऊ शकतो, जागेपणाचा नमुनाच नाही. मी म्हटलं, नमुना नसेल तर साध्या कागदावर चालतो, परिशिष्टात तशी सोय असते. आयुष्यभर मी लोकांना नमुना नाही असं सांगून परत पाठवत आलो होतो, आता मी खिडकीच्या उलट्या बाजूला होतो. चार फेऱ्या झाल्या. शेवटी त्यांनी वैतागून लिहिलं: "सदर इसम तपासणीच्या वेळी, म्हणजे सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, जागा होता." अकरा चाळीसनंतरची जबाबदारी त्यांनी घेतली नाही.

या सगळ्यात महिन्यातले अठरा दिवस गेले आणि माझी सरासरी होती एकतीस. मुंगी रोज व्हॅनमधून उतरताना मान वर करून गॅलरीकडे बघायची आणि बोटांनी विचारायची, किती? मी तीनदा दहा बोटं दाखवायचो. ती खिन्नपणे मान हलवायची. एवढ्याशा पोरीला माझी काळजी वाटावी, ही काय गंमत आहे का?

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दाखला बघून कॅमेऱ्याला माझे डोळे शिकवले. मेकॅनिकने जाता जाता एक गुरुमंत्रही दिला. "काका, हनुवटी दोन बोटं वर ठेवा आणि काचेवर, हे बघा, इथे, या टिपक्याच्या रेषेत बघत राहा. मान हलवू नका. इकडेतिकडे बघितलं की गुण जातात."

मी तसं केलं. ब्याण्णव गुण.

त्यानंतर मी मागे वळून बघितलं नाही, आणि हे अगदी शब्दशः खरं आहे, कारण मागे बघितलं की तीन गुण जायचे. आरशात बघितलं की एक. रस्त्याच्या कडेला बघितलं की दोन. मी हनुवटी वर, नजर टिपक्यावर, अशी बैठक जमवली. घरीसुद्धा मी खुर्चीत बसून भिंतीवरच्या खिळ्याकडे अर्धा-अर्धा तास बघत सराव करायचो. हिने दोन दिवस बघितलं आणि मग खिळा काढून टाकला. पण गुण चढत गेले. पंच्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. आयुष्यात मला कुठल्याच परीक्षेत एवढे गुण नव्हते. मुलगी रोज फोनवर म्हणायची, "बाबा, मस्त." मलाही वाटायला लागलं की पूर्वी मी गाडी चालवायचो तो निव्वळ रानटीपणा होता.

सरासरी ऐंशी व्हायला हिशेबाप्रमाणे आणखी दीड महिना हवा होता, पण त्या सोमवारी मुंगी व्हॅनमध्ये दोनदा ओकली. तेव्हा मुलगी स्वतःच म्हणाली, "बाबा, उद्या तुम्हीच आणा. उद्याचे गुण बघू आणि कायमचं ठरवू."

मंगळवारी मी शाळेच्या दारात उभा राहिलो. मुंगी धावत आली, मागे बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "आजोबा, मी अजिबात बोलणार नाही. तुमचे गुण जातील." मी बटण दाबलं. हनुवटी दोन बोटं वर. नजर टिपक्यावर. गाडी निघाली. एक वळण झालं, सिग्नल झाला, बाजाराचा रस्ता झाला. मध्ये एकदा गाडी जरा जोरात थांबली आणि पुन्हा चालू लागली. मी हललो नाही. ती गोड बाई एकदाही बोलली नाही. आपण जिंकतोय, असं मला आतून वाटत होतं.

बाजार मागे पडल्यावर मुंगीने मागून हळूच विचारलं, "आजोबा, तुम्ही इंजिनआजोबांशी भांडलात का?"

"नाही गं. का?"

"ते मघाशी आपल्या समोर आले होते ना. हातात पिशवी होती. गाडी अगदी त्यांच्याजवळ थांबली. त्यांनी तुम्हाला हात केला. मीपण केला. तुम्ही त्यांच्याकडेच बघत होतात, पण हसला नाहीत."

मी आठवायचा प्रयत्न केला. पिशवी नाही, हात नाही, माणूसच नाही. वीस वर्षं ज्याचं दार माझ्या दारासमोर उघडतं, तो माणूस भरदुपारी माझ्या नाकासमोरून गेला होता आणि मला फक्त काचेवरचा टिपका आठवत होता. बाजारात आणखी कोण कोण आडवं आलं असेल? गाडीने एखाद्याला ओळखलं नसतं तर? मागे तर ही पोर बसलेली.

मी बटण बंद केलं आणि स्टिअरिंग हातात घेतलं. उरलेला रस्ता मी सायकलच्या वेगाने, डावीकडे-उजवीकडे-मागे, भुरट्या चोरासारखा बघत कापला. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. घरी पोचल्यावर पडदा उजळला. यंत्रणा चालू होती तेवढ्या अंतराचे गुण त्यावर आले होते. शंभरपैकी शंभर.

मुलगी संध्याकाळी ऑफिसातून थेट आमच्याकडेच आली. चपला काढायच्या आधी तिने मला मिठी मारली. "शंभर, बाबा. मी सगळ्यांना दाखवलं. व्हॅनवाल्याला आत्ताच फोन करून नाही म्हणून सांगते." किती दिवसांनी ती इतकी मोकळी हसत होती. ही चहा टाकायला आत गेली. मुंगी जमिनीवर चित्र रंगवत बसली होती. तिने रंगाचा खडू उचलला, माझ्याकडे बघितलं आणि परत चित्रात डोकं घातलं. मी तिला गप्प राहा असं सांगितलं नव्हतं. तिने ते आपण होऊन ठरवलं होतं, आणि तेच मला सहन होईना.

"फोन करू नकोस," मी म्हणालो.

"का?"

मग मी सगळं सांगितलं. टिपका, हनुवटी, इंजिनवाले. मुलीने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पण इथे तर लिहिलंय की तुमचं पूर्ण वेळ रस्त्याकडे लक्ष होतं."

"नजर होती. मी काय बघत होतो ते तिला दिसतं. मला काय दिसत होतं ते तिला कसं कळणार? तुझी मुलगी मागे बसली होती आणि मला रस्ता दिसत नव्हता. खांबाच्या दिवशी निदान मला खांब तरी दिसला होता."

ती खुर्चीत बसली. मला वाटलं, आता पुन्हा तोच प्रेमळ आवाज येणार, "असू दे बाबा, तुम्ही आराम करा." मी त्याची तयारी करून बसलो होतो.

तिने फोन पालथा ठेवला. "मग कसं करायचं?" ती म्हणाली.

"तू सांगशील तसं. किल्ली तिथे अडकवली आहे."

"मी तुम्हाला विचारतेय, बाबा. कसं आणू या तिला?"

खांब पडल्यापासून तिने मला बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. विचारली ही पहिलीच. उत्तर तयार होतं, पण लाजिरवाणं होतं. शाळेजवळून आमच्या कोपऱ्यापर्यंत थेट बस येते. हिने तो विषय पहिल्याच आठवड्यात दोनदा काढला होता, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला बस सुचवते म्हणून मी दोन दिवस हिच्याशी अबोला धरला होता.

"बसने आणतो," मी म्हणालो. स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज एकदम थांबला, पण ही बाहेर आली नाही. तेवढी समज तिला आहे.

"गर्दी असते हो."

"असू दे. हात धरून आणीन."

मुलीने मान हलवली. "अडीचला सुटते शाळा. उशीर करू नका."

दुसऱ्या दिवशी मी पावणेदोनलाच शाळेच्या फाटकाशी हजर होतो. शाळेचा वॉचमन म्हणाला, "काका, अजून पाऊण तास आहे. आत सावलीत बाकावर बसा."

"नको," मी म्हटलं. "इथूनच दार दिसतं."